काशाच्या वाटीची पैज

पैज लागली ती पावट्याच्या शेंगा सोलताना. जानेवारीचा महिना, सकाळचं दहा वाजलेलं, साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधी ऊन तिरकं आत शिरलेलं, आन् त्या उन्हाच्या पट्ट्यात आमी तिघी. पहिल्या मजल्यावरच्या सुलाबाई, समोरच्या ब्लॉकमधली संयोगिता आन् मी. सुलाबाईंनी कानाला मफलर गुंडाळलेला, संयोगिताच्या अंगात नवऱ्याचा स्वेटर, आन् मी पोलक्याच्या बाह्या वर सारून सुपानं वारा घेतीय. संयोगिता म्हणाली, "काकू, सगळी टरफलं माझ्या केसात उडायलीत." मी म्हणलं, "मग न्हाऊ नको, संध्याकाळी केसांचीच आमटी कर. माझ्या अंगात विट्याच्या एका सोनं गाळणाऱ्यानं भट्टी मांडलीय बाई. माल निघाल्याबिगर ती विझायची न्हाई." सुलाबाई म्हणाल्या, "निघालं काय सोनं?" म्हणलं, "निघतंय की. कपाळावरनं गळ्यात, गळ्यातनं पोलक्यात. खारट हाय जरा."

माझं कायबी सोसायटीत झाकलेलं नसतं. चेअरमनच्या स्कूटरला लिंबू-मिरचीच्या जागी कारलं बांधणारी मीच. लिफ्ट चालू असताना 'बंद आहे' म्हणून पाटी लावून चौथ्या मजल्यावरच्यांना दोन दिवस जिना चढवणारी बी मीच. त्यामुळं पाळी जायला लागली तवा ते बी मी पार्किंगमधीच जाहीर केलं. आठ महिने तिचं असं चाललंवतं, की भाडेकरूसारखी जाते म्हणायची आन् सामान ठेवून जायची. सगळ्या हसायच्या. मी बी हसायचे. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, थायरॉईड तपासलं, सगळं बरोबर निघालं. मग राजवाड्याजवळच्या स्वप्नाताई वैद्यांकडं गेले. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, आन् मग अर्धा तास नुसतं ऐकत बसल्या. नीट ऐकायला लागलं कुणी की मला विनोद सुचायचं बंद होतंय. तिथं त्या लाकडी खुर्चीत मी काय काय बोलले मलाच ठावं न्हाई. घाम, झोप, भाजी निवडताना उगंच येणारं रडू, आन् परवा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून मी पातेलं शोधत फिरत होते ते. त्यांनी कागदावर लिहून दिलं. शतावरी कल्प दोन वेळा दुधातनं, रात्रभर भिजवलेल्या काळ्या मनुका, खर्डा आन् लोणचं बंद, चहा एकदाच, आन् तळपायाला गाईचं तूप लावून काशाची वाटी.

म्हणलं, "ताई, ती वाटी काळी पडती. अंगातली उष्णता बाहेर येती म्हणत्यात ते खरं का?" त्या हसल्या. "लोक म्हणतात तसं. काळं होतं ते काशामुळं. पण पाय सैल पडतात, डोळा लागतो, मला तेवढं पुरे. फक्त एक आहे शालूबाई, स्वतःची स्वतः चोळायची नाही. वाकून चोळणार, दमणार, परत घाम. दुसऱ्या माणसानं चोळायची."

हे मी पार्किंगमधी जसंच्या तसं सांगितलं, वैद्यांच्या आवाजात, बोट वर करून. आन् सुलाबाईंनी शेंग हातातच ठेवली. "दुसऱ्या मानसानं म्हंजी कुनी? सुभेदारांनी?" आन् हसायला लागल्या. सुलाबाई हसत्यात तवा त्यांचं अख्खं अंग हसतं, मफलर सुटून मांडीवर पडला. "अगं, त्यो गडी तुझ्या पायाला हात लावंल? पायरीवर तुझी चप्पल पडली तर त्यो काठीनं सारतोय. म्या बघितलंय." संयोगिता तोंडावर हात धरून हसली. मला काय झालं कुणास ठाऊक. हसवायचं काम माझं, हे असं फुकटात दुसऱ्यानं हसवलं की लागतं म्हणा, न्हाईतर भट्टी चढली म्हणा. मी सूप खाली टाकलं. "लावतील." "न्हाई लावायचं." "रथसप्तमीच्या हळदीकुंकवापर्यंत लावतील. लावली पैज." सुलाबाईंनी मांडीवरच्या शेंगा झटकल्या. "लाव. हरलीस तर हितंच, समद्यांदेखत, खाली बसून माझं पाय चोळायचं. त्याच वाटीनं." "आन् तुमी हरला तर तुमी माझं." "पर पुरावा पायजे हां शालू. तुझ्या नुसत्या तोंडावर म्या इस्वास ठेवनार न्हाई." संयोगिता म्हणाली, "फोटो न्हाईतर व्हिडिओ," आन् बायकांच्या ग्रुपवर तिनं ते टाकून बी दिलं.

तर माझा नवरा. सुभेदार लालासाहेब. अठ्ठावीस वर्षं फौजेत, त्यातलं सगळं मिळून पाच वर्षं माझ्याबरोबर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी अजून मला कधी कधी वाटतं, सुट्टीवर आलेत, परवा जातील. माणूस वाईट न्हाई. स्वप्नाताईंचा कागद मी टेबलावर टाकला त्या संध्याकाळी त्यांनी स्केलपट्टी घेऊन तक्ता आखला आन् फ्रिजवर लावला. ०६०० मनुका. ०७०० शतावरी. १००० चहा, हाफ कप. रोज पेनानं बरोबरची खूण. मी मनुका तोंडात टाकेपर्यंत समोर उभे. एकदा मी मनुका गालात धरून नंतर थुंकल्या, तर संध्याकाळी कुंडीत त्या मोजून मला म्हणाले, "अकरा कम हैं." त्यांचं प्रेम हे असं हाय, त्याला हजेरी लागते. पण तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती, 'काशाची वाटी', आन् तिच्यापुढं वेळ लिहिलेली नव्हती. सगळ्या ओळींना वेळ, तिला न्हाई. मी विचारलं न्हाई. त्यांच्या आईनं, म्हंजे माझ्या सासूनं, लग्नात मला सांगितलंवतं, आमच्यात बायकोचा पाय नवऱ्याला लागला तर बायकोनं नमस्कार करायचा. मग नवऱ्याचा हात बायकोच्या पायाला लागला तर कुणी कुणाला नमस्कार करायचा, हे म्हातारीनं सांगितलं न्हाई. तसं कधी होईल असं तिला वाटलंच नसणार.

पहिले पंधरा दिवस मी नुसत्या ट्रिका केल्या. पायात काटा मोडला म्हणून ओरडले. ते फर्स्ट एडची पेटी घेऊन आले, चिमटा दिला, सुई दिली, आन् दोन हातावरनं टॉर्च धरून म्हणाले, "मी लाइट देतो, तू काढ." नसलेला काटा मी वीस मिनिटं काढला, शेवटी खरंच सुई टोचली. जोडवं निघत न्हाई म्हणून कण्हले तर साबणाचं पाणी आणून टबात दिलं. पायात गोळा आला म्हणलं तर म्हणाले, "उभी रहा, भिंतीला तळवा लाव, स्ट्रेच," आन् स्वतः भिंतीला तळवा लावून दाखवला. आमी दोघं भिंतीला पाय लावून उभे. संयोगिता रोज खिडकीतनं भुवया उडवून विचारायची, लावली? मी न्हाई म्हणून मान हलवायचे. हे सगळं मी खाली रंगवून सांगायचे, सुलाबाई पोट धरून हसायच्या, आन् वर येताना जिन्यात, दुसऱ्या वळणावर, जिथं वरनं बी कुणी दिसत न्हाई आन् खालनं बी, तिथं मी थांबायचे. कठड्याचं लोखंड गार असतंय. त्याला गाल लावायचे. वाटायचं, बाई, तू हे हसण्यावारी नेतीस ते बरं, पण रथसप्तमीला ह्यांनी हात न्हाईच लावला तर ते बी हसण्यावारीच न्यायचं का?

आन् तिथं, त्या कठड्यापाशी, मला आई दिसायची. जिन्यात न्हवे. शिराळ्याच्या घराच्या मागं, जनावरांच्या पाण्याची दगडी डोणी होती तिथं. मी शेंडेफळ, तेरा वर्षांची, म्हंजे आई तवा माझ्याच आजच्या वयाची असणार. दुपारची भांडी घासून झाली की ती त्या डोणीच्या काठावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन, आन् दोन्ही पाय पाण्यात. नुसती बसायची. म्हशी यायच्या, तिच्या पायाच्या बाजूनं पाणी प्यायच्या. आजी ओरडायची, मुक्ता, घरात काय आग लागलीय का? आई म्हणायची, व्हय. तेवढंच. त्या 'व्हय'चा अर्थ मला कळायला पस्तीस वर्षं गेली. तवा मला एवढंच कळलंवतं, की आई रोज एकाच वेळी एकाच जागी बसती, आन् असं माणूस सापडलं की माझे हात शिवशिवायचे. नागपंचमी झालेली. जत्रेतनं मी रबरी नाग आणलेला, फणा काढलेला, पाण्यात टाकला की हलायचा. मी आधीच तो डोणीत तळाला, गवताखाली दाबून ठेवला. आईनं पाय सोडले, गवत हललं, आन् फणा वर आला.

आई अशी ओरडली, की गल्ली गोळा झाली. ती मागं पडली, लुगडं भिजलं, कोपर फुटलं. आन् पाण्यात रबराचा नाग डुलतोय. लोक हसले. आता तुमी म्हणाल, हसतीलच. पण हे शिराळा होतं. आमच्यात तवा पंचमीला खरे जिवंत नाग मडक्यातनं दारात यायचे, आई स्वतः त्यास्नी ओवाळायची, हात न थरथरता. तिथली बाई नागाला भ्याली, ती बी खोट्या, ह्यावर आधी लोक हसले, मग एक म्हातारी हसायची थांबली आन् म्हणाली, हिच्यात कायतरी शिरलंय. आधीच रात्रीची उठून अंगणात फिरती, उगंच रडती, अंग तापतंय न् ताप न्हाई. बाहेरचंच हाय. आठ दिवसांनी आईला कुणाकडं तरी नेलं. तिथं तिला धुरात बसवलं म्हणं. आधीच जी आतनं पेटलेली, तिला धुरात. आली ती गप्प होऊन आली. त्यानंतर ती डोणीवर कधी बसली न्हाई. मला ती एका शब्दानं बोलली न्हाई, मारलं न्हाई, नाग मी आणलावता हे तिला ठावं होतं, तिनंच तो दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून माझ्या दप्तरात ठेवलावता. तिला काय झालंय हे घरात कुणालाच ठावं नव्हतं, तिला स्वतःला बी नसावं. नाव नसलेल्या गोष्टीला लोक भूताचं नाव देत्यात. आन् त्या सगळ्या वर्षांत, वर्षं चार असतील का पाच, तिच्या पायाला कुणी हात लावला न्हाई. मी बी न्हाई. मी पुढं लय हसवत राहिले लोकांना. आई मेली त्याच्या आदल्या दिवशी बी तिला हसवलं. हसली ती. पण दप्तरातला तो पुसलेला नाग माझ्या अंगातनं काय निघाला न्हाई.

पंधराव्या का सोळाव्या दुपारी असं झालं, की तीन वाजलेले, सोसायटी आडवी झालेली, मी भांडी घासत होते आन् छातीतनं ती लाट निघाली. आधी कान, मग मान, मग सगळं. हातातलं पातेलं सुटलं. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला, पाय पाण्याखाली धरले आन् फरशीवर बसले. लुगडं न्हवे, गाऊन. गुडघ्यापर्यंत वर. आन् समोर भिंतीवर आरसा हाय छोटा, त्यात बघितलं तर डोणीच्या काठावर आई. मी रडायला लागले ते असं, की आवाज माझाच हाय का हे मी ऐकत होते. दारात सुभेदार उभे. मला वाटलं, आता म्हणतील पंखा लावतो, न्हाईतर वेळ बघून शतावरी देतील. ते म्हणाले, "पाय दाखव."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा न्हवता, पण त्याच्यापुढं ट्रिक चालली नसती. मी उठून आत आले, पलंगावर बसले, ते खाली जमिनीवर बसले, माझा एक पाय उचलला आन् स्वतःच्या मांडीवर ठेवला. टॉवेलानं पुसला, बोटांच्या फटी बी पुसल्या, एकेक. तळवा उजेडाकडं वळवून बघितला. भेग कुठं, फोड कुठं, टाच कशी. म्हणाले, "वर पोस्टिंगला असताना रोज फूट इन्स्पेक्शन असायचं. जवान खोटं बोलतो, पाय बोलत न्हाई." मग उठले, खिडकीचा पडदा ओढला, दाराला कडी लावली, स्वयंपाकघरातनं तूप कोमट करून आणलं आन् काशाची वाटी. ती वाटी माझ्या रुखवतातली. आईनं दिलेली. मी तिच्यात एवढी वर्षं कुंकवाच्या पुड्या ठेवत होते.

वाटी फिरायला लागली. आधी टोचल्यासारखं, मग गार, मग कसलंच न्हाई, मग पाय म्हणून जे काय होतं ते माझं राहिलंच न्हाई. ते बोलत होते, माझ्याकडं न बघता, तळव्याला सांगितल्यासारखं. "बर्फात एक पोरगा होता, तुमच्या सांगलीकडचाच. पायाची बोटं पांढरी पडली त्याची. चोळायचं नसतं तवा. शर्टाची बटणं काढायची आन् त्याचे पाय आपल्या पोटावर धरायचे. तीन तास धरले. त्यो लाजून मरायला लागला, साहेब, पाय काढतो, पाय काढतो. म्हणलं, गप पड." वाटी थांबली. "तुझं उलटं हाय. तिथं गार, हितं गरम. पण पाय ते पायच." मी विचारलं, "मग एवढे दिवस का लावली न्हाई?" घोट्यामागं, तिथं एक खळी असती, तिथं वाटीच्या बुडानं हळू दाबत राहिले. मग म्हणाले, "तू सगळ्याचा तमाशा करतीस. मला वाटलं ह्याचा बी करशील."

मी डोळे मिटून पडले. झोप लागली न्हाई, पण झोपेचं सोंग केलं, आन् आयुष्यात पहिल्यांदा सोंग कुणाला फसवायला न्हवतं. त्यांनी वाटी स्वतः घासली, पुसून जागच्या जागी ठेवली. तक्त्यावर खूण केली न्हाई. दुसऱ्या दिवशी तीन वाजता परत पडदा, परत कडी. तिसऱ्या दिवशी परत. झोप यायला लागली. भट्टी बंद झाली असं न्हाई, पण आता ती पेटली तरी मला ठावं असायचं, तीन वाजणार हायत.

आता माझ्यातली ती दुसरी बाई काय मेली नव्हती. तिनं सांगितलं, शालू, पैज तू जिंकलीस, नुसता पुरावा पायजे. चौथ्या दिवशी मी साखरेचा डबा कपाटावर ठेवला, डब्यामागं मोबाइल टेकवला, बारका डोळा पलंगाकडं. तीन वाजले. पडदा, कडी. सगळं रेकॉर्ड झालं. संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून बघितलं. आधी हसू आलं. त्यांचं टक्कल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ बाहेर काढून असं लक्ष, जसं बंदुकीला तेल द्यायलेत. सुलाबाईंचं तोंड कसं होईल हे मी बघायला लागले मनात. तेवढ्यात व्हिडिओत माझं तोंड आलं. उशीवर. डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. मी असं तोंड आरशात कधी बघितलं न्हाई. आईचं तोंड होतं ते, पण डोणीवरचं न्हाई. असं आईचं तोंड मी कधी बघितलंच न्हाई, कारण तिला ते मिळालंच न्हाई. मला एकदम वाटलं, मी परत गवताखाली काहीतरी दाबून ठेवलंय. आन् उद्या फणा वर येईल, गल्ली गोळा होईल, आन् हा माणूस, जो तीन तास एका पोराचे पाय पोटाशी धरून बसला आन् घरी येऊन एवढी वर्षं त्यातलं काय बोलला न्हाई, तो हसणाऱ्यांच्या मधी मागं पडेल. पुन्हा कधी कडी लावणार न्हाई. पाय दाखव म्हणणार न्हाई. मी डिलीट दाबलं. फोननं विचारलं, नक्की का? फोनला बी माझ्यावर विश्वास न्हाई. म्हणलं, नक्की बाबा.

रथसप्तमीला पार्किंगमधी सतरंजी, कुंडीत ज्वारीची कणसं, तिळगुळाचं ताट, सगळ्या बायका नटून. सुलाबाई नेहमीसारख्या कडेला पिंपाजवळच्या खुर्चीत. त्यांचे मालक तात्याबा गेल्यापासनं हळदीकुंकवात त्या तशाच बसत्यात, मधी या म्हणलं तरी येत न्हाईत. संयोगितानं सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, पुरावा?" मी दोन्ही हात वर केले. "न्हाई. हरले. सुभेदारांनी हात लावला न्हाई." असा गलका झाला की दुसऱ्या ब्लॉकच्या गच्चीतनं माणसं वाकली. मी सुलाबाईंची खुर्ची उचलून सतरंजीच्या मधोमध ठेवली, "बसा. पैज हाय, न्हाई म्हणायचं न्हाई." त्या आढेवेढे घेत बसल्या. मी पाटावर बसले, तूप घेतलं, आईची वाटी घेतली, आन् सुलाबाईंचा पाय मांडीवर घेतला.

तो पाय म्हंजे काय सांगू. उसाच्या पाचटानं कापलेल्या रेघा, टाचेच्या भेगात बोट जाईल, एका अंगठ्याला नखच न्हाई. सगळ्या मोबाइल काढून हसतायत, सुलाबाई बी, "अगं गुदगुल्या हुत्यात, मेले, सोड." मग वाटी फिरली चार-पाच वेळा, आन् त्या हसायच्या थांबल्या. खुर्चीला डोकं टेकलं. हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "शालू, ह्या पायाला आजवर कुनी हात लावला न्हाई गं. नमस्काराला वाकत्यात ती पोरं, ती बी लांबनंच." माझी मान खाली होती आन् डोळ्यातलं पाणी तुपात पडत होतं, आन् मला वाटत होतं, हा पाय दगडी डोणीच्या काठावरचाच हाय, फक्त पोचायला उशीर झाला.

तेवढ्यात गेटमधनं सुभेदार आले, हातात मेथीची पिशवी. मला जमिनीवर बघून थबकले. संयोगिता म्हणाली, "काका, काकू पैज हरल्या. तुम्ही त्यांच्या पायाला वाटी लावली न्हाई ना, म्हणून." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसती पापणी हलवली, जा वर, काय न्हाई. ते कळायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ पार्किंगमधी कुणीतरी तिळगूळ चावत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ते जिन्याकडं वळले. एक पायरी, दोन, तीन. थांबले. पिशवी कठड्यावर ठेवली आन् परत आले.

"असं न्हाई," म्हणाले. त्याच आवाजात, फूट इन्स्पेक्शनच्या. "वाटी आडवी धर. काठ न्हाई, बूड लागलं पायजे. आन् घोट्यामागची खळी सोडलीस तू. तिथंच तर तुला रोज तीन वाजता—"

बोलून गेले. आन् अटेन्शनमधी उभे राहिले, कानापर्यंत लाल. माझ्या नवऱ्याला बी भट्टी लागलेली मी पहिल्यांदा बघितली.

मग सुलाबाईंनी पाय काढून घेतला. "रोज?" म्हणाल्या. "तीन वाजता?" माझ्याकडं बघितलं, लय वेळ, आन् त्यांना सगळं कळलं, पडदा, कडी, सगळं. "जितलीवतीस व्हय गं, भवाने? आन् माझं पाय चोळत बसलीस?" मग जे हसू फुटलं ते गच्चीपर्यंत गेलं, त्यात सुभेदारांचं बी होतं, जे मी फार ऐकलेलं न्हाई. सुलाबाई उठल्या. "ऊठ. बस खुर्चीत." म्हणलं, "आवं, तुमी मोठ्या, माझ्या पायाला—" "पैज म्हंजी पैज. आन् म्या खोट्या नागाला भ्याया तुझी आई न्हवं." डोणीची गोष्ट मी कवातरी सुलाबाईंना हसवायला सांगितलीवती. त्यांनी ती हसून सोडली नव्हती, ठेवून दिलीवती.

त्या पाटावर बसल्या, गुडघा कडकडला, कण्हल्या, आन् सगळ्या सोसायटीदेखत माझा पाय त्यांनी मांडीवर ओढला. सुभेदार म्हणाले, "तूप जरा कोमट करून देऊ का?" "द्या," सुलाबाई म्हणाल्या, "आन् तिथंच हुबं रावा, चुकलं तर सांगा." वाटी लागली. खडबडीत हात, गार कासं. आन् नेमकी तवाच, सगळ्यांच्या मधी, नव्या साडीत, छातीतनं ती निघाली. कान. मान. मी पदर धरला. सुलाबाईंनी वर बघितलं न्हाई, हातालाच कळलं त्यांच्या.

"आली का गं?"

"आली."

"यिऊ दे की," म्हणाल्या, आन् मला दुसरा पाय मागितला.